साडेचारशे तास

फाउस्तो कोपी २ जानेवारी १९६० च्या सकाळी पावणेनऊ वाजता इटलीतल्या टोर्टोना गावच्या इस्पितळात मरण पावला. चाळीस पूर्ण होऊन चार महिनेही झाले नव्हते. डॉक्टर त्याच्या छातीच्या विकारावर उपचार करत होते. त्याला झाला होता मलेरिया, पश्चिम आफ्रिकेतून अंगात आलेला. तो ओळखायला रक्ताचा एक थेंब, एक काचपट्टी, थोडा रंग आणि सूक्ष्मदर्शक एवढंच लागतं. हे सगळं तेव्हा कुठल्याही बऱ्या इस्पितळात असायचं.

सायकल शर्यतींशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं की, त्या काळात युरोपात कोपीचं नाव घराघरात होतं. पीडमाँट प्रांतातल्या कास्तेलानिया नावाच्या इवल्याशा डोंगरी खेड्यातला हा मुलगा. कसायाच्या दुकानातलं सामान सायकलवरून पोचवता पोचवता शर्यतींकडे वळला. इटलीची जिरो ही शर्यत त्याने पाचदा जिंकली, फ्रान्सची टूर दोनदा. या दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणारा तो पहिला, आणि ते त्याने १९४९ आणि १९५२ असं दोनदा केलं. १९४६ ची मिलान–सान रेमो त्याने जिंकली तेव्हा दुसरा स्पर्धक चौदा मिनिटांनी मागून आला. १९५३ मध्ये तो जगज्जेता झाला. अशा माणसाला घरी परतल्यावर काही दिवसांत एका तापाने नेलं.

खालचे तास त्या पावणेनऊपासून उलटे मोजले आहेत. बाहेरच्या घटना नोंदलेल्या आहेत. शरीराच्या आत काय चाललं असेल ते फॅल्सिपेरम या जातीच्या मलेरियाच्या माहीत असलेल्या वेळापत्रकावरून मांडलं आहे. डास नेमका कधी चावला हे कोणी पाहिलेलं नाही, म्हणून सुरुवातीचा आकडा ठोकळ आहे.

४५० तास उरले. अप्पर व्होल्टा, डिसेंबर १९५९ चा मध्य

आजचा बुर्किना फासो देश तेव्हा अप्पर व्होल्टा या नावाने ओळखला जायचा. फ्रेंच छत्राखाली प्रजासत्ताक होऊन वर्ष झालं होतं. मोरिस यामेओगो यांच्या सरकारने वर्धापनदिनानिमित्त युरोपातल्या नामवंत सायकलपटूंना बोलावलं होतं. १३ डिसेंबरला राजधानी वागाडुगुमध्ये स्थानिक स्पर्धकांबरोबर शर्यत आणि नंतर शिकारीची सहल, असा बेत होता. कोपी होता, त्याचा फ्रेंच मित्र राफाएल जेमिनियानी होता, जाक आंकतिल होता. युद्धाच्या दिवसांत कोपीने केलेला एका तासाचा विक्रम १९५६ मध्ये मोडला तो याच आंकतिलने.

कोपी आणि जेमिनियानी एका खोलीत झोपले. खोलीत डासांचा सुळसुळाट होता. जेमिनियानीने पुढे ही रात्र अनेकदा सांगितली. कोपी टॉवेल फिरवून डास हाकलत होता आणि हा त्याला पुन्हा पुन्हा सांगत होता की माझ्यासारखी चादर डोक्यावरून ओढून घे. खरं तर चादरीने जेमिनियानीचंही रक्षण झालं नाही. अॅनोफिलीस जातीच्या डासाची मादी रात्री चावते आणि तिला उघडं मनगट किंवा घोटा पुरतो. दोघांनाही फॅल्सिपेरमची लागण झाली.

त्याच रात्री त्याच गावातली हजारो माणसं तेच डास सोसत होती. तिथल्या प्रौढ माणसाच्या अंगात लहानपणापासून झालेल्या असंख्य लागणींमुळे थोडीफार प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. तिची किंमत तिथली मुलं मोजतात. ज्या मुलांना ती मिळवण्याइतकं आयुष्य लाभत नाही, त्यांची नावं कुठल्या वर्तमानपत्रात येत नाहीत. युरोपातून आलेल्या खेळाडूकडे ही शक्ती मुळीच नव्हती. डोंगर चढण्यासाठी घडवलेलं हृदय आणि फुप्फुसं इथे काही कामाची नव्हती.

४४९ तास

डासाच्या लाळेतून रक्तात उतरलेले परजीवी साधारण तासाभरात यकृतात पोचतात. संख्या किरकोळ, काही डझन, फार तर शंभरेक. यकृताच्या पेशीत शिरल्यावर ते तिथेच वाढत राहतात. ताप नाही, दुखणं नाही, आणि रक्त तपासलं तरी काही सापडणार नाही. जवळपास आठवडाभर असंच चालतं. या दिवसांत माणूस स्वतःला धडधाकट समजतो, आणि याच दिवसांत तो विमानात बसून घरी येतो.

३५० तास. इटली

नाताळच्या आधी कोपी नोव्ही लिगुरेच्या आपल्या घरी परतला. पुढच्या हंगामाची आखणी झालेली होती. सान पेलेग्रिनो नावाचा नवा संघ उभा राहत होता, त्याचा मार्गदर्शक होता जीनो बार्ताली. ज्या बार्तालीशी कोपीची स्पर्धा एवढी तीव्र होती की इटलीतल्या घराघरात त्यावरून दोन तट पडले होते, त्याच्याच हाताखाली कोपी १९६० मध्ये उतरणार होता.

उत्तर इटलीत कडाक्याची थंडी होती. लोक शिंकत होते, खोकत होते. या ऋतूत ताप म्हणजे फ्लू, असं डॉक्टरही धरून चालतात. शंभरातल्या नव्व्याण्णव तापांच्या बाबतीत ते बरोबरही असतं.

२८० तास

यकृतातली पेशी फुटते. एका परजीवीचे आतापर्यंत हजारो झालेले असतात. ते रक्तात येतात आणि मिनिटांत तांबड्या पेशींत घुसतात. हिशेबासाठी धरू, सारे मिळून एक लाख. माणसाच्या अंगात लक्षावधी कोटी तांबड्या पेशी असतात, त्यामुळे हा आकडा अजून नगण्य आहे.

इथून पुढे मात्र घड्याळ ४८ तासांचं आहे. तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी तिच्यातलं हिमोग्लोबिन खात वाढतो, त्याचे डझनावारी तुकडे होतात, ४८ तासांनी पेशी फुटते आणि नवे परजीवी नव्या पेशी धरतात. सगळेच जगत नाहीत. तरी दर दोन दिवसांनी संख्या साधारण दहापट होते असं मानलं जातं. एका लाखाचे दहा लाख, दहा लाखांचे एक कोटी.

हे गणित ज्याने पहिल्यांदा जुळवलं तो माणूस कोपीच्या शेजारच्या प्रदेशातला होता, आणि ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचते. पाव्हिया विद्यापीठात कामिलो गोल्जी यांनी १८८५-८६ मध्ये मलेरियाच्या रुग्णांचं रक्त तासातासाने तपासून दाखवलं की, ताप चढण्याची वेळ आणि रक्तात परजीवी फुटून बाहेर पडण्याची वेळ एकच असते. पाव्हिया ते टोर्टोना हे अंतर सरळ रेषेत जेमतेम ४० किलोमीटर. माणसाला मलेरिया अॅनोफिलीस डासामुळे होतो हे १८९८ मध्ये रोममध्ये जोव्हानी बात्तिस्ता ग्रासी यांनी सिद्ध केलं. त्याच्या एक वर्ष आधी आपल्याकडे सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात परजीवी दिसला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीचं सरकार क्विनीन स्वतः तयार करून घेऊन मीठ-तंबाखूच्या दुकानांतून विकत असे, कारण रोग गावोगाव होता. पो नदीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांत तर तो पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची मोहीम झाली आणि दहा-पंधरा वर्षांत मलेरिया इटलीतून जवळपास गेला. १९७० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशाला मलेरियामुक्त जाहीर केलं. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातली ही फार मोठी कामगिरी आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. रोग गेला तेव्हा त्याला ओळखण्याची सवयही गेली. मलेरियाचे वॉर्ड ज्यांच्या बापांनी सांभाळले होते, ते डॉक्टर आता हिवाळी तापात मलेरिया शोधत नव्हते.

१९० तास. नाताळ

गणिताने अंगात एक कोटी परजीवी. अजूनही काही जाणवत नाही. जाणवलंच तर थोडा थकवा, आणि तो सणाच्या धावपळीवर ढकलला जातो.

१४० तास

दहा कोटी. साधारण या टप्प्यावर शरीर पहिल्यांदा बोलतं. नाताळ संपल्यावर कोपीला ताप भरला, हुडहुडी भरली, मळमळ सुरू झाली. तो अंथरुणाला खिळला.

मलेरियाचा ताप एक दिवसाआड ठरल्या वेळी येतो असं आपण शाळेत शिकतो. फॅल्सिपेरमच्या बाबतीत या ज्ञानावर विसंबणं धोक्याचं आहे. पहिल्या दिवसांत तो ताप कसाही येतो, चढतो, उतरतो, कधी उतरतच नाही. डोकं दुखतं, अंग मोडून येतं, कोरडा खोकला येतो, काहींना जुलाब होतात. यातलं एकही लक्षण असं नाही की जे फ्लूमध्ये दिसत नाही. म्हणून रुग्णाकडे कितीही बारकाईने पाहिलं, छाती कितीही काळजीने तपासली, तरी उत्तर मिळत नाही. उत्तर मिळतं ते एका प्रश्नातून. गेल्या काही आठवड्यांत हा माणूस कुठे होता?

कोपी कुठे होता हे तर साऱ्या युरोपला ठाऊक होतं. हा प्रवास लपूनछपून झालेला नव्हता. सरकारी निमंत्रण होतं, शर्यतीची बातमी होती. आफ्रिकेची सहल आणि हा ताप या दोन गोष्टी एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडणारं मात्र कोणी नव्हतं.

याच दिवसांत फ्रान्समध्ये जेमिनियानीही तापाने फणफणला होता. ताप ४१ अंशांच्या वर गेला, त्याला भ्रम झाला, भोवतालची माणसं ओळखू येईनाशी झाली. तिथल्या डॉक्टरांचाही अंदाज आधी चुकलाच. त्यांनी कावीळ धरून उपचार केले, मग पिवळा ताप, मग विषमज्वर. इथे मला थांबून सांगावंसं वाटतं की फ्रेंच डॉक्टर इटालियन डॉक्टरांपेक्षा हुशार होते असं काही नाही. फरक एवढाच पडला की आपला अंदाज लागू पडत नाही हे दिसल्यावर जेमिनियानीच्या रक्ताचा नमुना पॅरिसच्या पाश्चर संस्थेकडे गेला. तिथे काचपट्टी ज्यांच्या नजरेखाली आली त्यांना वसाहतींतल्या रोगांची सवय होती. उत्तर आलं, फॅल्सिपेरम. क्विनीन सुरू झालं.

१०० तास

गणिताने आकडा शंभर कोटींच्या वाटेवर.

या घडीला कोपीला वाचवता आलं असतं असं मी ठामपणे म्हणतो. १९५९ मध्ये औषधांचा तुटवडा नव्हता. क्विनीन १८२० पासून शुद्ध रूपात उपलब्ध होतं. क्लोरोक्वीन दशकभरापेक्षा जास्त काळ वापरात होतं. पुढे फॅल्सिपेरमने क्लोरोक्वीनला दाद देणं थांबवलं हे खरं, पण आफ्रिकेत ती वेळ १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली. डिसेंबर १९५९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या परजीवीवर ती कवडीमोलाची गोळी चालली असती.

नोव्ही लिगुरेच्या घरात फ्लूचे उपचार चालू होते. माणूस बरा होत नव्हता.

४८ तास. वर्षाचा शेवटचा दिवस

इथे फॅल्सिपेरम इतर मलेरियांहून वेगळा का, ते सांगायला हवं. या परजीवीने धरलेली तांबडी पेशी आयुष्याच्या उत्तरार्धात चिकट होते. तिच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे येतात आणि ती सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते. मेंदूत, फुप्फुसांत, मूत्रपिंडांत. पावसाळ्यात गटाराच्या जाळीवर पानं साचत जावीत तशी वाट तुंबत जाते. मेंदूत तुंबली की ग्लानी, भ्रम, बेशुद्धी. मूत्रपिंडांत तुंबली की लघवी कमी. फुप्फुसांत पाणी भरू लागलं की दम लागतो, श्वासाला घरघर येते, आणि आता जो कोणी छातीला नळी लावतो त्याला न्यूमोनियाच ऐकू येतो.

चुकीच्या निदानाला असा पुरावा आयता मिळत जातो. पहिल्या दिवशी फ्लू म्हटलं, चौथ्या दिवशी छातीत आवाज येऊ लागले, म्हणजे फ्लूचं रूपांतर न्यूमोनियात झालं. तर्क बिनचूक वाटतो. एकेक पायरी बरोबर, आणि जिनाच चुकीच्या घराचा. कोपीच्या उशाशी असलेले डॉक्टर निष्काळजी होते असं म्हणायला माझं मन धजत नाही. त्यांनी श्वासनलिकेच्या विकाराचं निदान धरलं, आणि रोग जसजसा बळावला तसतसं ते निदान त्यांना अधिकाधिक खरं वाटत गेलं.

जेमिनियानीच्या घरच्यांनी निदान झाल्यावर इटलीला कळवलं होतं आणि तिकडून ते मनावर घेतलं गेलं नाही, असं जेमिनियानीच्या बाजूने पुढे नेहमी सांगितलं गेलं. ते जसंच्या तसं खरं असेल तर या सगळ्या हकिगतीतला सर्वांत दुःखद क्षण तोच. उत्तर दाराशी येऊन उभं होतं.

२४ तास. १ जानेवारी १९६०

प्रकृती ढासळत गेली. कोपीला नोव्हीहून जवळच्याच टोर्टोनाच्या इस्पितळात नेलं. प्राणवायू, छातीची औषधं, बाहेर बातमीदार. तो अत्यवस्थ असल्याची बातमी इटलीभर पसरली.

आता काचपट्टी पाहिली असती तर? सांगणं कठीण आहे. गणिताने परजीवी हजारो कोटींच्या घरात गेले होते. मेंदू आणि फुप्फुसं एकदा सापडली की योग्य औषध देऊनही सगळे रुग्ण वाचत नाहीत. नसेतून द्यायचं आर्टेसुनेट हे आजचं औषध २००५ मध्ये आशियातल्या मोठ्या चाचणीत क्विनीनपेक्षा सरस ठरलं, तरी त्या चाचणीतही आर्टेसुनेट मिळालेल्या दर शंभर गंभीर रुग्णांपैकी पंधरा दगावले. शंभर तास उरले असताना जी गोष्ट जवळपास निश्चित होती ती आता नशिबाची झाली होती.

१२ तास

रात्र. शुद्ध हरपत चालली.

शून्य. २ जानेवारी, सकाळी ८.४५

फाउस्तो कोपी गेला. दोन दिवसांनी कास्तेलानियाच्या टेकडीवर त्याला निरोप द्यायला हजारो माणसं जमली. चिंचोळे डोंगरी रस्ते पायी चालून लोक आले. त्याचा धाकटा भाऊ सेर्से, तोही सायकलपटू, १९५१ मध्ये एका शर्यतीत पडून गेला होता.

जेमिनियानी वाचला. आपला मित्र गेल्याचं त्याला शुद्धीवर आल्यानंतर कळलं. त्यानंतर तो ६४ वर्षं जगला आणि जुलै २०२४ मध्ये ९९ व्या वर्षी गेला. एक खोली, तेच डास, तोच परजीवी, सारख्याच चुकांनी सुरू झालेले उपचार. एकाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली गेलं, दुसऱ्याचं गेलं नाही.

२००२ मध्ये इटलीत अशी वावडी उठली की कोपीला आफ्रिकेत विष दिलं गेलं होतं. सरकारी वकिलांनी चौकशी केली आणि त्यातून काही निष्पन्न झालं नाही. अशा वावड्या का उठतात हे मी समजू शकतो. एवढा मोठा माणूस एका डासाने आणि एका न विचारलेल्या प्रश्नाने जातो हे पचवण्यापेक्षा एखादा खलनायक शोधणं मनाला सोपं जातं. पण तिथे खलनायक नव्हता.

पावणेनऊनंतर

ही गोष्ट १९६० मध्ये संपली असती तर ती इतिहास म्हणून वाचून बाजूला ठेवता आली असती. पण ज्या ब्रिटनमध्ये मलेरिया पसरत नाही तिथे २०२३ मध्ये बाहेरून आलेले २,००४ रुग्ण नोंदले गेले. अमेरिकेत दरवर्षी साधारण दोन हजार. यातले बरेच जण पर्यटक नसतात. दुसऱ्या देशात स्थायिक झालेली, पण आई-वडिलांना भेटायला, लग्नाला, सणाला मायदेशी जाऊन आलेली ही माणसं असतात. आपण इथलेच, आपल्याला काय होणार, या भरवशावर ती प्रतिबंधक गोळ्या घेत नाहीत. पण लहानपणी मिळालेली थोडीफार प्रतिकारशक्ती परदेशात काही वर्षं काढली की ओसरते, आणि तिकडे जन्मलेल्या मुलांकडे ती नसतेच.

मराठी घरांत हे चित्र अनोळखी नाही. मुंबईत पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला की गल्लीतला डॉक्टर पहिल्या दिवशीच मलेरियाच्या तपासणीची चिठ्ठी लिहून देतो. सुट्टीला आलेलं तेच कुटुंब लंडनला किंवा टोरोंटोला परत गेलं आणि तिथे महिन्याभराने ताप आला, तर समोरच्या डॉक्टरने आयुष्यात मलेरियाचा रुग्ण कदाचित पाहिलेलाच नसतो. भारतातून जाणारा मलेरिया बहुतेकदा व्हायव्हॅक्स जातीचा असतो. तो यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतो आणि प्रवासाची आठवणही पुसट झाल्यावर डोकं वर काढतो. उलट दिशेनेही धोका आहेच. नायजेरिया, टांझानिया, मोझांबिक, काँगो इथे कामाला गेलेली आपली माणसं सुट्टीवर पुण्या-कोल्हापूरला येतात. त्यांना ताप आला की डेंगी किंवा व्हायरल म्हणून दोन-तीन दिवस वाट पाहिली जाते. आफ्रिकेतून आलेल्या माणसाचा ताप हा फॅल्सिपेरम नाही असं सिद्ध होईपर्यंत फॅल्सिपेरमच समजायचा असतो, आणि तिथे दोन-तीन दिवस म्हणजे परजीवींची दहापट किंवा त्याहून जास्त वाढ.

कोपीला जिथे डास चावला त्या बुर्किना फासोचं आज पुण्याशी थेट नातं आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते ती आर-२१ ही मलेरियाची लस तिथल्या नानोरो गावातल्या मुलांवर तपासली गेली. २०२१ मध्ये तिचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. वागाडुगुच्या शर्यतीला टाळ्या वाजवणाऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांना तिचा लाभ होऊ शकतो, आणि त्याची गरज केवढी आहे हे एका आकड्यावरून कळतं: २०२३ मध्ये जगात मलेरियाने सुमारे ५,९७,००० माणसं गेली, त्यातली सुमारे ९५ टक्के आफ्रिकेत, आणि बहुतांश पाच वर्षांखालची मुलं. ही लस लहान मुलांसाठी आहे. प्रवाशासाठी अजूनही मच्छरदाणी, अंगाला लावायचं डासरोधक, डॉक्टरांनी नेमून दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या आणि परतल्यानंतरची सावधगिरी हेच उपाय आहेत. गोळ्या परतल्यावरही सांगितले तितके दिवस घ्यायच्या असतात. घरी पोचल्यावर त्या बंद करणारे पुष्कळ आहेत. आणि कुठलीही गोळी शंभर टक्के हमी देत नाही.

म्हणून वाचकांना एक कळकळीची विनंती. मलेरिया असलेल्या भागातून परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. खोकला, अंगदुखी, जुलाब सांगण्याआधी पहिलं वाक्य हे म्हणा: मी अमुक देशातून अमुक तारखेला आलो आहे, माझ्या रक्ताची मलेरियासाठी तपासणी आजच करा. रुग्ण स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसेल तर घरच्यांनी हे सांगावं, आणि डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं. पहिला अहवाल निगेटिव्ह आला तरी ताप असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा रक्त द्या, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदाही.